चौदा कोरे रकाने

माझ्या मुलीला गणित फारसं येत नाही हे सिद्ध करण्यासाठी मी चार दिवसांची रजा काढली होती. रजेच्या अर्जात 'कारण' या रकान्यात मी 'कौटुंबिक' असं लिहिलं. खरं कारण लिहिलं असतं तर साहेबांनी मला रजेऐवजी डॉक्टरांचा पत्ता दिला असता.

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागात वरिष्ठ लिपिक आहे. चोवीस वर्षांत माझ्या टेबलावरून कोरा रकाना असलेला एकही अर्ज पुढे सरकलेला नाही. नसेल तर 'नाही' लिहा, लागू नसेल तर 'लागू नाही' लिहा, पण कोरं सोडू नका, हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा म्हणतो. एकदा एका गृहस्थाच्या घरात गुडघाभर पाणी साचलं होतं आणि त्याने 'गळतीचा प्रकार' हा रकाना रिकामा ठेवला होता. मी अर्ज परत केला. दुसऱ्या दिवशी तो ओल्या चपलांनी आला, माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होता, पण रकाना भरून आला होता. शिस्त म्हणतात ती हीच. पुढे जे काही रामायण झालं ते या शिस्तीपायी झालं, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मला उगाच कुणी लबाड म्हणायला नको.

मुलगी यंदा विद्यापीठात गेली. आमच्या वेळी एक विषय घेतला की त्याच्याशी जन्माची गाठ बांधली जायची. आता तसं नाही. आता सहा टोपल्या असतात. आकड्यांची टोपली, भाषेची टोपली, विज्ञानाची, समाजाची, कलेची आणि शरीराची. तुमचा मुख्य विषय काहीही असो, प्रत्येक टोपलीतून एकेक विषय उचललाच पाहिजे, त्याशिवाय पदवी नाही. हे सगळं एकशे दहा पानांच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. मी ती दोनदा वाचली. मुलीने एकदा चाळली आणि कलेच्या टोपलीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाबा, हा. 'जुने नकाशे'."

पोरीला लहानपणापासून नकाशांचं वेड. सात वर्षांची असताना तिने आमच्या घराचा नकाशा काढला होता. त्यात स्वयंपाकघर होतं, मोरी होती आणि माझ्या खुर्चीच्या जागी एक उंच डोंगर काढून खाली लिहिलं होतं, 'इथे सगळं माहीत असतं'. मी तो नकाशा अजून कपाटात जपून ठेवला आहे. तर या नकाशांच्या वर्गात पंधराच जागा होत्या, तिला त्यातली एक मिळाली होती, आणि ती आठ दिवस घरात जमिनीवरून चालत नव्हती. फक्त शुक्रवारी पाचच्या आत वेळापत्रक पक्कं करायचं होतं. त्याआधी राहिली होती ती आकड्यांची चाचणी. कुणाला गणिताच्या कुठल्या वर्गात बसवायचं हे ठरवणारी. चाळीस प्रश्न, घरी बसून संगणकावर, रविवारी सहाच्या आत. पहिल्याच पानावर लिहिलं होतं : 'यात पास-नापास नाही. येत नसेल ते कोरं सोडा.'

हे वाक्य मी वाचलं होतं. पण छापील सूचनांवर विश्वास ठेवायचा नसतो हे मला माहीत आहे, कारण आमच्या खात्याच्या छापील सूचना मी स्वतः लिहितो.

रविवारी दुपारी तिने तासाभरात चाचणी सोडवली आणि उठली. म्हणाली, "ओळखपत्राचा फोटो काढून येते. आल्यावर एकदा नजर टाकून पाठवते. कुणी हात लावू नका हं." आता 'हात लावू नका' म्हटल्यावर माणूस निदान बघतो तरी. मी बघितलं. चाळीसपैकी चौदा प्रश्न कोरे होते!

चौदा! माझ्या घरातून, माझ्या नावाखाली, चौदा कोरे रकाने विद्यापीठात जाणार? मी बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "तिचं ती बघेल. तुम्ही पेपर वाचा." तेवढ्यात समोरचे मास्तर साखर मागायला आले. मास्तर निवृत्त आहेत. शाळेत ते कवायत शिकवायचे की गणित याबद्दल इमारतीत दोन मतं आहेत, पण स्वतः मास्तरांनी हा वाद कधी मिटवलेला नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा चढवला.

"कोरं सोडणं म्हणजे परीक्षकाचा अपमान," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मग वरच्या मजल्यावरचे कंपाउंडर आले, कारण एक प्रश्न द्रावणात द्रावण मिसळण्याचा होता आणि ते काम त्यांच्याशिवाय कोण करणार. मग शेजारच्या टेलरवहिनी आल्या, कारण वर्तुळातून त्रिकोण कापायचा होता. वहिनींनी टेप काढून आमचा टीपॉयच मोजला आणि म्हणाल्या, "भाऊजी, पर्याय क. बाकीच्यांत कापड वाया जातं." एका प्रश्नात टाकी होती. दोन नळ तिला भरतात, खालून एक गळती, आणि गळतीचा वेग पाण्याच्या पातळीप्रमाणे बदलतो, तर टाकी कधी भरेल? मी अनुभवाने म्हणालो, कधीच भरणार नाही. तो पर्याय तिथे नव्हता. त्या एका टाकीवर पाऊण तास वाद झाला. मास्तर 'ब' म्हणत होते, कंपाउंडर 'ड' म्हणत होते, आणि मी खात्याची बाजू मांडत होतो. शेवटी बायकोने पाचव्यांदा चहा आणून ठेवला आणि 'आता ब करा आणि उठा' असं म्हणाली, म्हणून ब.

सहाला सात मिनिटं कमी असताना चौदावा रकाना भरला. मुलीचा पत्ता नव्हता, फोटोवाल्याकडे रांग होती म्हणे. मी 'पाठवा' हे बटण दाबलं. चोवीस वर्षांत इतकं समाधान मला एकाही अर्जाने दिलं नव्हतं.

ती आली तेव्हा मी सांगितलं, "वेळ होत आली होती, म्हणून मी पाठवून टाकलं." ती "बरं झालं बाबा" म्हणाली आणि मला फोटो दाखवू लागली. माझं वाक्य शब्दशः खरं होतं, पण तो फोटो मी जरा जास्तच निरखून बघितला, हे कबूल करतो.

सोमवारी निकाल आला. वर्ग : उच्च गणित. पूर्ण विद्यापीठातून नऊ जण निवडले होते आणि त्यात आमची कन्या! मी जिन्यातच ओरडलो. मास्तर गॅलरीत आले, कंपाउंडर अर्धी दाढी तशीच ठेवून खाली आले, वहिनींनी मशीन थांबवलं. आम्ही चौघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, तेही इतकं मनापासून की मुलीचं करायचं राहून गेलं. ती उघड्या दाराच्या आत संगणकापुढे बसून वेळापत्रक बघत होती. उच्च गणित, मंगळवार आणि गुरुवार, दहा ते बारा. सक्तीचं. जुने नकाशे, मंगळवार आणि गुरुवार, दहा ते बारा. पंधरा जागांपैकी तिच्या जागेवर लाल रेघ आली होती.

तिने मान वर केली. "बाबा, मी चौदा प्रश्न कोरे सोडले होते. तितके सोडून उच्च गणित मिळतं?"

कंपाउंडरांना एकदम दाढी आठवली. मास्तरांना साखर आठवली. क्षणात जिना मोकळा झाला आणि मी एकटा उरलो.

तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला येत नव्हतं, म्हणून मी कोरं सोडलं होतं. ते माझं उत्तर होतं." मग खोलीत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. त्या दाराकडे बघताना मला फार वाईट वाटलं. बायको म्हणाली, "अहो, शुक्रवारी पाचपर्यंत तिची जागा परत आणा. नाही आणलीत तर या घरात तुमचा रकाना कोरा राहील." चोवीस वर्षं ऐकून ऐकून तिलाही खात्याची भाषा येऊ लागली आहे.

मंगळवारी मी विद्यापीठात गेलो. लांबलचक बोळ, दोन्हीकडे खिडक्या, प्रत्येक खिडकीपुढे अठरा वर्षांची मुलं आणि त्यांच्यामध्ये टक्कल घेऊन मी. तीन नंबरच्या खिडकीवरून मला सातवर पाठवलं, सातवरून अकरावर, अकरावरून परत तीनवर. हा खेळ मी ओळखला. आमच्याकडे तो आम्ही दोन आणि पाच नंबरच्या टेबलांमध्ये खेळतो.

तीनच्या खिडकीत एक सडपातळ लिपिक होता. मी म्हणालो, "माझ्या मुलीला खालच्या वर्गात बसवा."

"वरच्या?"

"खालच्या."

त्याने कान पुढे केला. मी तिसऱ्यांदा सांगितलं, जरा मोठ्याने, तशी मागची रांग हसली. "काका," तो म्हणाला, "वर जाण्याचा फॉर्म आहे. खाली जाण्याचा फॉर्मच नाही. आजवर कुणी मागितलेला नाही." मग त्याने दया येऊन वर जाण्याच्याच फॉर्मवर 'वर' खोडून 'खाली' लिहून दिलं. मी तो बाकावर बसून, सुवाच्य अक्षरात, नियमाप्रमाणे भरला. एकच रकाना अडला : 'विद्यार्थ्याच्या असाधारण प्रगतीचा पुरावा'. खाली जाणाऱ्याने इथे काय लिहायचं? मी बराच वेळ विचार केला आणि जन्मात पहिल्यांदा रकाना कोरा सोडून पुढे सरकलो.

लिपिकाने फॉर्मवर नजर टाकली आणि तो माझ्याकडे परत ढकलला.

"काका, रकाना कोरा ठेवू नका. लागू नसेल तर 'लागू नाही' लिहा. आता उद्या या, खिडकी बंद झाली."

ते माझं वाक्य होतं हो! शब्दाला शब्द, स्वरसुद्धा तोच. ओल्या चपलांचा तो गृहस्थ मला डोळ्यांपुढे दिसला आणि मी जिन्यावरून खाली उतरलो.

त्या संध्याकाळी सल्ल्यांना ऊत आला. कंपाउंडर म्हणाले, "डॉक्टरांकडून लिहून आणतो, मुलीला आकड्यांनी अंगावर पुरळ उठतं." मास्तर म्हणाले, कुलगुरू त्यांच्या ओळखीच्या एकाच्या ओळखीचे आहेत, पण तो ओळखीचा सध्या बोलत नाही. टेलरवहिनी दातांत टाचणी धरून ऐकत होत्या. टाचणी काढून म्हणाल्या, "भाऊजी, चुकीचं शिवलं की उसवायचं. वरून ठिगळ लावत बसू नये. खरं काय ते सांगा ना जाऊन."

खरं सांगायचं! हा उपाय आम्हा तिघा पुरुषांना दोन दिवसांत सुचला नव्हता. बुधवार मी खरं कसं सांगायचं याची तयारी करण्यात घालवला आणि गुरुवारी वर्गनिश्चिती विभागाच्या बाईंपुढे उभा राहिलो. वयस्कर बाई, गळ्यात दोरीला चष्मा, टेबलावर पेन्सिलींचा डबा. मी खात्याच्या पद्धतीने सुरुवात केली, 'उपरोक्त विषयी' वगैरे, आणि तिसऱ्या वाक्याला माझा बांध फुटला. टाकी, टीपॉय, पाच वेळा चहा, सगळं बाहेर आलं. बाईंनी चष्मा लावला, माझ्याकडे पाहिलं, काढला, पुसला आणि परत लावला.

"म्हणजे चौदा उत्तरं तुमची?"

"चौघांची मिळून."

"मोठ्या भावंडांनी हात लावला तर काय करायचं, यासाठी एक नियम आहे," बाई म्हणाल्या. "मदत करणाऱ्याने समोर यायचं, कुठली उत्तरं आपली ते सांगायचं आणि इथे बसून स्वतः चाचणी द्यायची. तेवढी उत्तरं मग मुलीच्या नावावरून निघून त्याच्या नावावर जातात. भावंडं येतात. बाबा कुणाचे आले नव्हते अजून. उद्या दोन वाजता. चौघेही हवेत. आणि आपापसांत कुजबुज झाली तर सगळंच रद्द, मुलीची चाचणीसुद्धा. मग पुढच्या वर्षी."

शेजाऱ्यांना तयार करणं हे काम मी शब्दांत सांगू शकत नाही. मास्तरांचा रक्तदाब वाढला, कंपाउंडरांना दवाखान्यात फार गर्दी असल्याचं आठवलं. शेवटी मुलगी स्वतः दोघांच्या दारात गेली. काही बोलली नाही म्हणे, नुसती उभी राहिली. शुक्रवारी दीड वाजता मास्तर लग्नातला कोट घालून खाली हजर होते.

चाचणीच्या खोलीत चाळीस मुलं आणि मधल्या रांगेत आम्ही चौघं. वहिनींचे पाय जमिनीला टेकत नव्हते, माझे गुडघे टेबलात अडकत होते. पहिले पाच प्रश्न बरे गेले. सहाव्याला डोक्यात अंधार पसरला. आणि नववा प्रश्न बघतो तर टाकी! तीच टाकी, तेच दोन नळ, तीच गळती. आकडे तेवढे बदललेले.

त्याच वेळी मागून मास्तर खोकले. एकदा. थांबले, आणि परत एकदा. दोन खोकले म्हणजे ब. पर्यवेक्षिका चालत आल्या. "आजोबा, आणखी एक खोकला आला तर चौघांनाही बाहेर काढीन." मास्तरांचा चेहरा 'आजोबा' या शब्दाने पडला आणि खोकला कायमचा बरा झाला.

मी टाकीकडे बघत बसलो. ब लिहिणं सोपं होतं. कदाचित बरोबरही होतं. पण ब मला येत नव्हता, ब मास्तरांच्या घशातून आला होता. हात आपोआप त्या गोलाकडे जात होता, कारण चोवीस वर्षांचा हात तो, त्याला कोरं बघवत नाही. मला घाम फुटला. शेजारच्या बाकावरच्या पोराने मला पाणी हवंय का विचारलं. मी नको म्हणालो, पुढच्या प्रश्नावर गेलो आणि टाकी कोरी सोडली. आश्चर्य म्हणजे काही झालं नाही. छत पडलं नाही, कुणी हसलं नाही. मग दहावा सोडला. मग बारावा. पुढे पुढे तर मला मजाच यायला लागली. हे येत नाही, हेही येत नाही, छे, हे तर मुळीच येत नाही! इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पावणेपाचला बाईंनी आम्हाला आत बोलावलं. दारात मुलगी आणि बायको उभ्या होत्या. "चौघेही पूर्वतयारी वर्ग, विभाग अ," बाई म्हणाल्या. "त्याखाली विभाग नाही. गंमत आहे, चौघांनी मिळून चौदातली अकरा बरोबर सोडवलीत. एकत्र असलात की उच्च गणित, सुटे झालात की पूर्वतयारी." मास्तर म्हणाले, ती तीन चुकलेली त्यांची नव्हती. कंपाउंडर म्हणाले, त्यांचीही नव्हती. वहिनी माझ्याकडे बघून हसल्या.

"आणि ही?" मी विचारलं.

"हिची सव्वीसच्या सव्वीस बरोबर आहेत. येतं ते स्वच्छ येतं, येत नाही ते सोडलंय. गणित एक. सोमवार-बुधवार. म्हणजे नकाशांची जागा परत." बाईंनी फॉर्म पुढे केला. "तीनच्या खिडकीवर द्या. पाचला बंद होते. 'कारण' मात्र तुमच्या हाताने लिहा."

आम्ही सगळे बोळातून धावलो. मास्तरांचा कोट फडफडत होता, मुलं भिंतीला टेकून वाट देत होती. तीनची खिडकी अर्धी खाली आली होती. मी तिच्यात हात घातला, फॉर्म टेकवला आणि लिहायला पेन काढलं. 'कारण'. माझ्या डोक्यात 'तांत्रिक अडचण', 'अनवधान', 'कौटुंबिक' असे चोवीस वर्षांचे सगळे शब्द हात बांधून उभे राहिले. पाचला चार मिनिटं कमी होती. मी लिहिलं :

'मुलीला येत नव्हतं ते तिने कोरं सोडलं. मला येत नव्हतं ते मी भरलं.'

लिपिकाने वाचलं. परत वाचलं. मग शिक्का मारला, आणि फॉर्म देताना, माझ्या नोकरीबद्दल त्याला काही ठाऊक नसताना, मानाने उठून उभा राहिला. तेव्हा कुठे मुलीने माझा हात धरला. "बाबा, तुमचे किती कोरे?" तिने विचारलं. मी म्हणालो, "एकतीस." पोरगी हसत सुटली, आणि तिच्यामागोमाग आम्ही सगळेच, खिडकीतल्या त्या लिपिकासकट.

आता दर शनिवारी दुपारी आम्ही चौघं बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या पूर्वतयारी वर्गात जातो. सक्ती नाही, पण विद्यापीठाने बोलावलं आणि नाही म्हणणं मास्तरांना बरं दिसेना. मी वर्गात सगळ्यांत जास्त वेळा 'येत नाही' म्हणतो. त्या बाबतीत पहिला नंबर आहे.

परवा मुलीने नकाशांच्या वर्गाचं पहिलं काम दाखवलं. आपल्या इमारतीचा नकाशा. मास्तरांची गॅलरी, वहिनींचं मशीन, कंपाउंडरांचा आरसा, सगळं बारकाईने काढलेलं. आमच्या घरात माझ्या खुर्चीच्या जागी मात्र काहीच नव्हतं. पांढरा कागद.

"हे कोरं का ठेवलंस?" मी सवयीने विचारलं.

"आमच्या नकाशांच्या बाई म्हणतात, जुने नकाशेवाले माहीत नसलेल्या जागी डोंगर काढून मोकळे व्हायचे. कोरं सोडायला धीर लागतो." तिने त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. "मीपण आधी डोंगरच काढला होता बाबा. मग खोडला. म्हटलं, बघू तरी इथे काय आहे."

मी नकाशा टेबलावर सरळ केला. मग खिशातून पेन काढलं, त्या पांढऱ्या जागेला अजिबात धक्का न लावता खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'स्वीकृत' असं लिहिलं आणि सही केली.